मराठी कळणारे तिघे

केराबाईंनी मला पाहिलं आणि खुर्चीवरून उठून त्या सरळ फरशीवर गुडघे टेकून बसल्या. बेड्यांमुळे हात आधीच जुळलेले होते. तसेच ते कपाळाला लावून त्या तीनदा वाकल्या. बेडीची साखळी फरशीवर तीनदा वाजली.

"भन्तेजी," त्या म्हणाल्या, "हे लोक काय म्हनायलेत? मला एक अक्षर कळंना."

मी तेव्हा भिक्षू होतो. जिंतूरजवळच्या खेड्यातून पालीचं शिक्षण घ्यायला कोलंबोला आलो होतो आणि तिथल्या एका विहारात राहत होतो. सिंहली चांगली यायला लागली होती. त्या दिवशी सकाळी विहारात पोलिसांची गाडी आली. एक भारतीय बाई विमानतळावर पकडली आहे, तिला मराठीशिवाय काही येत नाही, तुमच्याकडचा कोणी विद्यार्थी मिळेल का, अशी विचारणा होती. आमच्या विहाराचे प्रमुख, महास्थविर, यांनी मला पाठवलं. पासपोर्टची काही भानगड असेल, असं मला वाटलं होतं.

टेबलावर बुद्धाची मूर्ती आडवी ठेवली होती. प्लॅस्टरची, पांढऱ्या रंगाची, हातभर उंच. तिचं बूड कापून काढलेलं होतं. शेजारी प्लॅस्टिकच्या पुड्या, त्यात मातकट रंगाची भुकटी.

"हेरॉईन," टेबलापलीकडचे अधिकारी म्हणाले. त्यांचं नाव रणसिंहे. पन्नाशीचे, थकलेल्या डोळ्यांचे. सिंहलीत भिक्षूला आदरानं 'हामुदुरुवने' म्हणतात, तसं ते मला म्हणत होते. "हामुदुरुवने, तिला विचारा, ही मूर्ती कुणी दिली. आणि हेही सांगा की एवढ्या मालाला आमच्याकडे जन्मठेप आहे. त्याहून मोठी शिक्षाही कायद्यात आहे."

मी केराबाईंना सांगितलं. शिक्षेचं त्यांच्या कानात शिरलंच नाही. त्या मूर्तीकडे बघत होत्या.

"माझ्यासमोर कापली हो त्यांनी," त्या म्हणाल्या. "मी वरडले, नका कापू म्हनून. आन् आतून हे निघालं. भन्तेजी, बुद्धाच्या पोटात? कुनी घातलं असंल?"

त्यांची हकिकत अशी होती. केराबाई नरवाडे, परभणीजवळच्या एका गावच्या. नवरा गेलेला, मुलगी सासरी. वीस-बावीस जणांची धम्मयात्रा श्रीलंकेला निघाली होती. कुणा दात्यानं नाव न सांगता केराबाईंचे पैसे भरले. निघायच्या दिवशी बसपाशी एक तरुण आला. म्हणाला, माय, तुम्ही सगळ्यांत मोठ्या, ही मूर्ती तुमच्या हातानं जाऊ द्या. यात्रीनिवासात एक जण येईल, तो नव्या विहारात बसवणार आहे. केराबाईंनी मूर्ती नऊवारीच्या जुन्या लुगड्यात गुंडाळली आणि विमानात मांडीवर घेऊन बसल्या. मोठा मान मिळाला, असं त्यांना वाटलं.

हे सगळं मी सिंहलीत सांगितलं. रणसिंहेंनी लिहून घेतलं आणि पेन खाली ठेवलं.

"सगळे असंच सांगतात," ते म्हणाले.

खिडकीशी एक उंच माणूस उभा होता. तो आता पहिल्यांदा बोलला, इंग्रजीत. "सगळ्यांचे तळवे असे नसतात." केराबाईंच्या हातांकडे त्यानं बोट केलं. काळे, भेगाळलेले, कापूस वेचून वेचून खरबरीत झालेले हात. "ही बाई माल विकणारी दिसते का तुम्हाला?"

हे नेगी. भारतातल्या अमली पदार्थविरोधी खात्याचे अधिकारी, मूळचे गढवालचे. पहाटेच्या विमानानं चेन्नईहून आले होते. आदल्या वर्षी या भागातल्या देशांच्या अधिकाऱ्यांची एक बैठक झाली होती. प्रत्येक देशात एक माणूस असा नेमायचा, ज्याला दुसऱ्या देशातून सरळ फोन करता येईल, असं तिथं ठरलं. त्याआधी एका देशातलं पत्र चार मंत्रालयं फिरून दुसऱ्या देशात पोचेपर्यंत आरोपी म्हातारा व्हायचा. रणसिंहे आणि नेगी हे असे नेमलेले दोघे. पण दोघांचा एकमेकांवर विश्वास होता, असं मात्र नाही.

"वरून दबाव आहे," रणसिंहे म्हणाले. "संध्याकाळी पत्रकारांना बोलावलंय. बाई आणि मूर्ती, फोटो उद्याच्या पेपरात."

"मग परभणीतला माणूस उद्या दुपारपर्यंत गायब. आणि इथं जो घ्यायला येणार आहे, तोही."

"मागच्या वेळी तुम्ही थांबा म्हणालात म्हणून आम्ही थांबलो. तुमच्याकडूनच बातमी फुटली. माझा एक शिपाई मेला त्यात."

नेगी म्हणाले, "मला माहीत आहे. त्याचं नावही माहीत आहे. या वेळी मी कुठे आलोय हे माझ्या ऑफिसातही फक्त एका माणसाला ठाऊक आहे."

त्यावर रणसिंहेंनी फोन उचलून पत्रकारांना नको म्हणून सांगितलं.

बेत साधा होता. मूर्ती परत बंद करायची, रंग द्यायचा. केराबाईंनी यात्रीनिवासात इतरांबरोबर राहायचं आणि जो येईल त्याच्या हातात मूर्ती द्यायची. त्याच वेळी नेगींची माणसं परभणीत धाड घालणार. दोन्हीकडे एकदम. यात्रेकरूंना धीर द्यायला आलोय असं दाखवून मी तिथं बसायचं. माणूस केराबाईंशी मराठीत काय बोलतो, ते ऐकायचं.

मी केराबाईंना समजावलं. त्यांनी मान हलवली.

"मला खोटं नाई बोलता येनार."

"खोटं बोलायचं नाही, माय. मूर्ती द्यायची फक्त."

"आन् तेला हे धरनार. म्हंजी मी बोलावून फसवायचं." त्यांनी मूर्तीकडे पाहिलं. मग एकदम म्हणाल्या, "पन मला तेचं तोंड पाहायचंय, भन्तेजी. बुद्धाच्या पोटात इख भरनारा मानूस दिसतो कसा, ते मला पाहायचंय. देते मी."

निघताना मी रणसिंहेंना विचारलं, "या बाईंना वकील लागेल. माझे एक ओळखीचे गृहस्थ आहेत इथं, मराठीच आहेत. त्यांना फोन केला तर चालेल का?"

"कुणालाच नाही," रणसिंहे म्हणाले. "तुमच्या महास्थविरांनाही नाही."

माझ्या मनात होते उत्तमदादा. उत्तम जोंधळे. परभणीचेच, पण वीस वर्षांपासून कोलंबोत. कांदा, मिरची, डाळीचा मोठा व्यापार. आम्ही भारतातून आलेले पाच-सहा विद्यार्थी भिक्षू होतो, त्या सगळ्यांचे दायक, म्हणजे सगळा खर्च उचलणारे, तेच. विहारात आमच्या खोल्या त्यांनी बांधून दिल्या होत्या. मला पहिल्या वर्षी टायफॉईड झाला तेव्हा दवाखान्यात रात्रंदिवस तेच बसले होते. माझी आई वारली तेव्हा तिकीट काढून देणारेही तेच. कुणाच्याही अडचणीत त्यांचं नाव आधी डोळ्यांसमोर यायचं. पण मी शब्द दिला होता. फोन केला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी यात्रीनिवासाच्या हॉलमध्ये आम्ही बसलो होतो. बाकीचे यात्रेकरू कँडीला गेले होते. केराबाई भिंतीशी चटईवर, मूर्ती पुढ्यात. बाहेर अंगणात एक पोलीस माळ्याच्या वेशात पानं झाडत होता. आतल्या खोलीत रणसिंहे. नेगी रस्त्यापलीकडे गाडीत. केराबाई पुटपुटत होत्या, बुद्धवंदना असावी. मीही मनातल्या मनात म्हणत होतो.

फाटक वाजलं. पांढऱ्याशुभ्र कपड्यांत, हातात केळ्यांचा मोठा फणा घेऊन उत्तमदादा आत आले.

आज नेमके हे यात्रेकरूंना भेटायला आले! आता तो माणूस येणार, झटापट होणार, कदाचित त्याच्याकडे पिस्तूलही असेल, आणि हे मध्ये सापडणार. मी काही विचार न करता उठलो आणि दारातच त्यांना अडवलं.

"दादा, आज थांबू नका. नंतर या. मी सांगतो तुम्हाला सगळं."

त्यांनी केळी खाली ठेवली, नेहमीसारखं वाकून मला वंदन केलं आणि हसले. "तुम्ही कसे काय इथं भन्तेजी? बसतच नाही हो मी. एक मूर्ती घेऊन जायची आहे, लगेच निघतो."

मी ऐकलं. शब्द सगळे कळले, पण त्यांचा अर्थ लागायला किती वेळ लागला, मला सांगता येणार नाही. तोपर्यंत माझे पाय आपोआप दारातून बाजूला झाले होते. आतल्या खोलीतले रणसिंहे नंतर म्हणाले, त्या क्षणी तुम्ही सगळं बुडवलंत असं वाटलं होतं.

उत्तमदादा केराबाईंपुढे बसले. "माय, प्रवास झाला ना नीट? मूर्ती आणली ना?"

"आनली."

"द्या मग. मोठं पुण्य केलंत."

केराबाईंनी मूर्ती उचलली. उत्तमदादांनी हात पुढे केले, मूर्ती धरली, पण केराबाई सोडेनात. दोघांचेही हात मूर्तीवर. केराबाई त्यांच्या तोंडाकडे बघत होत्या. कपाळ, भुवया, गोरटेले गाल, कानाजवळचे पिकलेले केस. बाजारात एखादी वस्तू पारखावी तशा बघत होत्या. उत्तमदादांचं हसू हळूहळू विरलं.

"चांगलंच दिसतं की हो तोंड," केराबाई म्हणाल्या. "काईच येगळं नाई." आणि त्यांनी मूर्ती सोडली.

मग सगळं एकदम झालं. माळी आत आला, आतलं दार उघडलं, कुणीतरी ओरडलं. उत्तमदादा पळाले नाहीत. रस्त्यावर त्यांना घेऊन आलेली रिक्षा पळाल्याचा आवाज आला आणि तिच्यामागे नेगींची गाडी. झाडणारा शिपाई बाहेर धावला. हॉलमध्ये आम्ही चौघंच उरलो: उत्तमदादा, केराबाई, रणसिंहे आणि मी.

रणसिंहेंनी उत्तमदादांना खुर्चीवर बसवलं. दादांना सिंहली माझ्यापेक्षा चांगली येत होती. तरी रणसिंहेंकडे न बघता, रुमालानं तोंड पुसत, ते माझ्याशी मराठीत बोलले. मायेच्या आवाजात. दवाखान्यात माझ्या उशाशी बसून बोलायचे, तोच आवाज.

"भन्तेजी, नीट ऐका. दर उन्हाळ्याला गावाहून परत येताना माझ्या बहिणीच्या घरून तुमच्याबरोबर एक एक मूर्ती आली. तीन आल्या आतापर्यंत. सोनेरी, आठवतात? अंगावरचं भगवं चिवर बघून तुमची पिशवी कुणी कधी उघडली नाही. मी बुडालो तर तुम्हीपण बुडाल. आता हे साहेब विचारतील मी काय म्हणालो. मी तुम्हाला खोटं बोला म्हणत नाही. थोडं कमी सांगा, एवढंच."

सोनेरी मूर्ती. मला आठवल्या. पहिली तर मी छातीशी धरून आणली होती. विमानतळावर एका शिपायानं वाकून नमस्कार केला होता मला, आणि मी त्याला आशीर्वाद दिला होता. तळहातांना प्लॅस्टरचा गारवा आत्ता जाणवत होता. गेल्या दोन दिवसांत मी ती पांढरी मूर्ती कापलेली पाहिली होती, आतल्या पुड्या पाहिल्या होत्या, आणि एकदाही, एकदाही मला माझ्या मूर्ती आठवल्या नव्हत्या. केराबाईंची कीव करत होतो मी.

"काय म्हणाला तो?" रणसिंहेंनी विचारलं.

केराबाई माझ्याकडे बघत होत्या. उत्तमदादाही. बाहेर कुणाची तरी शिट्टी वाजली.

"तो म्हणाला," मी सिंहलीत सांगितलं, "की आजपर्यंत तीन वेळा मीही मूर्ती आणल्या आहेत. त्याच्या बहिणीच्या घरून. माझं चिवर बघून माझी पिशवी कुणी उघडली नाही. तो बुडाला तर मीही बुडेन. आणि तुम्हाला थोडं कमी सांगावं, असं तो म्हणाला."

उत्तमदादांनी डोळे मिटले.

रणसिंहे माझ्याकडे वळले. "हामुदुरुवने, हे तुम्ही स्वतःबद्दल सांगताय. समजतंय ना?"

"समजतंय."

"आणलं होतंत?"

"तीन मूर्ती आणल्या. आत काही आहे हे माहीत नव्हतं. आत काही होतं का, तेही मला माहीत नाही."

ते उठले, दारापर्यंत गेले, बाहेरच्या शिपायाला हाक मारली आणि माझ्याकडे पाठ करूनच म्हणाले, "दुसरा दुभाषी शोधा."

त्या दिवसापासून मी पोलिसांच्या त्या टेबलाच्या आरोपीच्या बाजूला बसलो. जिथं केराबाई बसल्या होत्या, तिथं. आमच्या महास्थविरांनी मला काही विचारलं नाही. ते तुरुंगात आले तेव्हा मीच चिवर उतरवून त्यांच्या हातात दिलं. ते अंगावर ठेवून आरोपीच्या पिंजऱ्यात उभं राहणं मला जमलं नसतं. त्यांनी त्याची घडी केली आणि एवढंच म्हणाले, "सांभाळून ठेवतो."

मूर्ती देणाऱ्या तरुणाचा माग काढत त्याच सकाळी परभणीत धाड पडली होती. उत्तमदादांच्या बहिणीचा नवरा घरामागच्या शेडमध्ये मूर्ती ओतत असताना सापडला. त्याच्या बायकोला यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यानं जबाबात सगळी पद्धत सांगितली. माल नेणाऱ्याला कधीच काही सांगायचं नाही, कारण ज्याला माहीत नसतं तो घाबरत नाही. म्हणून भाविक माणसं निवडायची. तो जबाब नेगी स्वतः घेऊन कोलंबोच्या कोर्टात आले. टपालानं पाठवला असता तर केराबाई आणि मी अजून किती वर्षं तिथं असतो, कोण जाणे.

पण त्या जबाबात केराबाईंच्या मूर्तीचं होतं. माझ्या तीन मूर्तींबद्दल तो माणूस उलटसुलट बोलला होता. एकदा म्हणाला रिकाम्या होत्या, एकदा म्हणाला आठवत नाही. उत्तमदादा गप्प राहिले ते शेवटपर्यंत. सरकारी वकिलाचं म्हणणं सरळ होतं: पकडले जाणार हे दिसल्यावर या भिक्षूनं साळसूदपणे कबुली दिली, नाही तर त्यानं दारात आरोपीला 'आज थांबू नका' असं का सांगितलं? आतल्या खोलीत ध्वनिमुद्रण चालू होतं, धरपकड झाली तेव्हाच ते बंद केलं होतं; पण दारातलं माझं वाक्य त्यात होतं. ते वाक्य कोर्टात वाजवलं गेलं. माझाच आवाज, घाबरलेला.

केराबाईंना साक्षीला उभं केलं. दुभाषी म्हणून नागपूरकडच्या एक बाई होत्या, कोलंबोत नवऱ्याच्या नोकरीनिमित्त राहणाऱ्या. तुरुंगातल्या महिन्यांनी केराबाई अर्ध्या झाल्या होत्या, पण आवाज तसाच होता.

"हा माणूस टोळीतला आहे असं तुम्हाला वाटत नाही का?" वकिलानं विचारलं.

"मला काय वाटतं ते ऱ्हाऊ द्या," केराबाई म्हणाल्या. "त्या खोलीत मराठी कळनारे आम्ही तिघंच होतो. एक तो, एक मी, आन् एक हे भन्तेजी. तो सांगनार नव्हता. मला तुमची भाषा येत नव्हती. साहेबाला कधीच कळलं नसतं. ह्यांनी सांगितलं. पुरं सांगितलं, मी ऐकलं."

"तुम्हाला सिंहली येत नाही. मग पुरं सांगितलं हे तुम्हाला कसं कळलं?"

दुभाषी बाईंनी प्रश्न मराठीत सांगितला.

"त्या चोराचं तोंड पाहिलं ना मी," केराबाई म्हणाल्या. "हे बोलायलेत, आन् त्यानं डोळे मिटून घेतले. तेव्हा कळलं."

मागच्या बाकावर बसलेल्या रणसिंहेंनी मान वर केली. न्यायाधीशांनी दुभाषी बाईंना ते वाक्य पुन्हा सांगायला लावलं आणि लिहून घेतलं. नंतर रणसिंहेंची साक्ष झाली. ते म्हणाले, मी पाहिलं ते असंच होतं.

केराबाई त्याच आठवड्यात सुटल्या. मी थोडा नंतर, पुराव्याअभावी; तोवर त्यांच्या परतीचे कागद तयार झाले नव्हते. उत्तमदादांना जन्मठेप झाली.

केराबाईंचं विमान होतं त्या दिवशी नेगींबरोबर मीही विमानतळावर गेलो. मी शर्ट-पँटमध्ये होतो, तरी त्या मला भन्तेजीच म्हणत होत्या. नेगी तिकीट दाखवायला रांगेत गेले. आम्ही बाकावर बसलो. त्यांच्या मांडीवर एक लहान पिशवी होती, तिच्यावर दोन्ही हात. मी त्यांचे आभार मानायला लागलो. शब्द जुळवून ठेवले होते मी.

त्यांनी हातानं थांबवलं.

"एक इचारू का, भन्तेजी? रागावू नका."

"विचारा ना, माय."

"माझी मूर्ती तर धरली. तिच्यातलं कुनाच्या पोटात गेलं नाई. तुमच्या तिन्हींत जर असलंच काही, तर ते कुनाच्या लेकराच्या पोटात गेलं असंल?"

त्यांच्या विचारण्यात दोष देणं नव्हतं. गावात कुणाचं लेकरू कुठल्या शाळेत आहे, असं विचारावं तसं त्या विचारत होत्या. नेगी हात हलवून बोलावत होते. त्या उठल्या आणि गेल्या.

मी त्यांच्याच विमानानं जाणार होतो, माझंही तिकीट नेगींकडे होतं. ते मी परत केलं. कोलंबोच्या उत्तरेला, समुद्राच्या काठी, व्यसनी मुलांसाठी एक केंद्र आहे. तिथं मी काम मागितलं. पहिल्या दिवशी त्यांनी मला एका मुलाच्या खाटेपाशी बसवलं. तो थरथरत होता, कपडे घामानं भिजलेले, वय विशीच्या आतलं. केव्हापासून घेतोस, असं मी सिंहलीत विचारलं.

त्यानं वर्ष सांगितलं. ते माझ्या दुसऱ्या मूर्तीचं वर्ष होतं.